फाईल गेली कुठं? : फोनच्या पोटात एक फेरफटका



सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहिलात तर एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अरे, सेव्ह झाली म्हणून दाखवलं रे, पण फाईल गेली कुठं?" कोणी जर्नलची पानं स्कॅन केलेली असतात, कोणी सरांचं लेक्चर रेकॉर्ड केलेलं असतं, कोणाला मित्राने पाठवलेली सर्किट डायग्राम हवी असते. फाईल फोनमध्येच असते. पण ५-६ इंचाच्या त्या डबीत ती नेमकी कुठल्या खणात आहे, हे मालकालाच ठाऊक नसतं! मग सुरू होतो तो प्रसिद्ध कार्यक्रम: गॅलरी उघडा, बंद करा, फोन रिस्टार्ट करा, आणि शेवटी रूममेटला शिव्या घाला.

या विषयावर मराठीत नीट लिहिलेलं फारसं मिळत नाही, आणि जे कानावर येतं ते बहुतेक "हे ॲप टाक, ते ॲप टाक" या थाटाचं असतं. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं. लेख कॉम्प्युटरवाल्यांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. मेकॅनिकल, सिव्हिलची मंडळी, रेक्टर सर, ऑफिसातल्या मॅडम आणि मेसचे काका, सगळ्यांनी वाचावा. बाकी काही नाही तरी "ती दोन बटणं" हा भाग तरी वाचाच, ही नम्र विनंती.

आधी थोडी थिअरी (घाबरू नका, व्हायवा नाही)

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलला आपण युजर, ग्रुप, परमिशन वगैरे घोकतो ना, तेच लिनक्स. कॉलेजच्या सर्व्हरवर प्रत्येक विद्यार्थ्याचं खातं वेगळं असतं आणि एकाला दुसऱ्याच्या फाईली उघडता येत नाहीत. अँड्रॉइड बनवणाऱ्यांनी हीच युक्ती वापरली, पण गंमत बघा, त्यांनी माणसाऐवजी प्रत्येक ॲपलाच एक युजर मानलं! ॲप इन्स्टॉल झालं की त्याला एक युजर क्रमांक मिळतो, हे क्रमांक १०००० पासून पुढे असतात. त्या क्रमांकाच्या नावावर एक फोल्डर तयार होतं. त्यात फक्त तेच ॲप जाऊ शकतं. शेजारचं ॲप नाही, आणि आपणही नाही.

आता हा सगळा कारभार डोळ्यासमोर यावा म्हणून आमच्या गावाकडचं उदाहरण देतो. गावात एक चावडी असते आणि प्रत्येकाचं आपलं घर असतं. घराला ओसरी असते, पडवी असते आणि आत माजघर असतं. फोनमध्येही अगदी असेच चार टप्पे आहेत.

चावडी. फोनमधलं फाईल ॲप उघडलं की समोर जी फोल्डरं दिसतात ती म्हणजे चावडी. डाउनलोड, पिक्चर्स, म्युझिक, डॉक्युमेंट्स आणि कॅमेऱ्याचे फोटो ठेवणारं डीसीआयएम. अँड्रॉइड १२ पासून रेकॉर्डिंग्ज नावाचं एक ठरलेलं फोल्डरही आलं. ब्राउझरमधून उतरवलेली प्रश्नपत्रिका, कॅमेऱ्याने काढलेला फोटो हे सगळं इथं असतं. ॲप काढून टाकलं तरी इथली फाईल जात नाही. ही जागा सगळ्यांची.

ओसरी. चावडीवरच अँड्रॉइड नावाचं एक फोल्डर दिसेल. त्यात मीडिया नावाचं फोल्डर आहे. त्यात काही ॲप्सच्या नावाची फोल्डरं असतात. इथला माल त्या घराचा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. व्हॉट्सॲपचे फोटो, व्हिडिओ आणि आवाजी निरोप इथं राहतात.

पडवी. त्याच अँड्रॉइड फोल्डरमध्ये डेटा आणि ओबीबी अशी आणखी दोन फोल्डरं असतात. डेटामध्ये प्रत्येक ॲपच्या नावाने खोली असते. मोठ्या गेमच्या जीबी-जीबीच्या फाईली ओबीबीमध्ये असतात. पूर्वी इथं कोणीही डोकावू शकत होतं, आता दार बसवलंय. त्याची हकिकत पुढे येते.

माजघर. हे चावडीवरून दिसतच नाही. फोनच्या अगदी आतल्या भागात प्रत्येक ॲपचं खासगी फोल्डर असतं. त्याच्या आत साधारणपणे फाईल्स, कॅश, डेटाबेसेस आणि शेअर्ड प्रेफ्स अशी फोल्डरं असतात. आपलं लॉगिन, सेटिंग, चॅटचा मूळ डेटाबेस, बँकेच्या ॲपची माहिती सगळं इथं. इथं दुसऱ्या ॲपला, फाईल मॅनेजरला आणि केबल लावलेल्या कॉम्प्युटरलाही प्रवेश नाही.

तेव्हा फाईल हरवली की पहिला प्रश्न "कुठलं ॲप टाकू?" हा नसावा. "ही फाईल चावडीवर आहे, ओसरीवर, पडवीत की माजघरात?" हा असावा. एवढं ठरलं की निम्मं काम झालं.

घरावरची पाटी वाचायची कशी?

पडवीत गेलात तर ॲपचं आपल्याला माहीत असलेलं नाव दिसत नाही, तिथं पॅकेजचं नाव असतं. ते संकेतस्थळाच्या पत्त्यासारखं, पण उलटं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ व्हॉट्सॲपची पाटी आहे "कॉम.व्हॉट्सॲप" (फोनमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत). काही ॲप्सची पाटी मात्र अशी असते की मूळ नावाशी काही संबंधच लागत नाही. कंपनीने नाव बदललं तरी पाटी जुनीच राहते.

मग ओळखायचं कसं? सोपं आहे. प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपचं पान उघडा, शेअर करून लिंक कॉपी करा आणि कुठंतरी पेस्ट करा. लिंकमध्ये "आयडी" आणि बरोबरचं चिन्ह दिसेल. त्याच्या लगेच पुढे जे लिहिलंय तीच पाटी.

आणखी एक बारीक गोष्ट. फाईलचा पूर्ण पत्ता पाहिला तर "स्टोरेज, एम्युलेटेड, ०" असं काहीतरी दिसतं. हे शून्य म्हणजे फोनचा पहिला युजर, म्हणजे तुम्ही. फोनवर दुसरा युजर किंवा ऑफिसचं प्रोफाईल केलं की त्याला वेगळा आकडा मिळतो. काही कंपन्यांच्या फोनवर एकच ॲप दोनदा चालवायची सोय असते (दोन सिमवाले आणि दोन व्हॉट्सॲपवाले हात वर करा!). अशा दुसऱ्या ॲपच्या फाईली शून्याऐवजी ९९९ आकड्याच्या फोल्डरात गेलेल्या आढळतात. "दुसऱ्या नंबरवर आलेला फोटो सापडत नाही" या तक्रारीचं उत्तर बरेचदा हेच असतं.

पडवीला दार का बसलं?

पूर्वी, म्हणजे अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या काळात, एखाद्या ॲपला "स्टोरेजची परवानगी" दिली की त्याला अख्खी चावडी, ओसरी आणि पडवी मोकळी असायची. साधं टॉर्चचं ॲप! त्याला दिवा लावण्यापलीकडे काम काय? पण परवानगी दिली की ते तुमचे फोटो, डाउनलोड केलेली बँकेची स्टेटमेंट आणि इतर ॲप्सनी पडवीत ठेवलेल्या फाईली सगळं वाचू शकत होतं. शिवाय वाटेल त्या ॲपने वाटेल तिथं फोल्डर करायचं आणि ॲप काढल्यावरही कचरा तसाच पडून राहायचा.

म्हणून टप्प्याटप्प्याने नियम कडक झाले. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ मध्ये, ॲपने वापरणाऱ्याला विचारून एखादीच फाईल उघडायची पद्धत आली. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून परवानगी ॲप वापरताना विचारली जाऊ लागली. २०१९ च्या अँड्रॉइड १० ने "ज्याचं त्याने बघावं" हे धोरण आणलं आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ ने ते सक्तीचं करत नेलं. तेव्हापासून डेटा आणि ओबीबी ही फोल्डरं इतर ॲप्सना बंद झाली. "सगळ्या फाईलींची परवानगी" दिलेल्या फाईल मॅनेजरलासुद्धा! मधल्या काळात फाईल मॅनेजरवाल्यांनी एक चोरवाट शोधली होती, फोल्डर निवडायच्या खिडकीतून आत शिरायची. २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये तीही बरीचशी बुजवली गेली. म्हणूनच जुने सीनियर सांगतात ती युक्ती तुमच्या नव्या फोनवर चालत नाही. सीनियर खोटं बोलत नाहीत, त्यांचा फोन जुना होता इतकंच.

मढची गोष्ट

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक घडलेली गोष्ट सांगतो.

माझं गाव मढ, तालुका जुन्नर. कल्याणकडून माळशेज घाट चढून वर आलं की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसायला लागतं, तिथलं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी हे एक. आमच्याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे, ती दूरच्या दीर्घिकांचे क्षीण रेडिओ संदेश ऐकते. आणि आमच्या घरात मात्र फोनला रेंज हवी असेल तर गोठ्यामागच्या दगडावर उभं राहावं लागतं! असो.

माझी आजी दोन वर्षांपूर्वी गेली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण जात्यावरच्या ओव्या, भातलावणीची गाणी आणि धरण व्हायच्या आधीच्या शिवाराच्या आठवणी तिच्या जिभेवर होत्या. माझे धाकटे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, त्यांनी आपल्या फोनवर एक रेकॉर्डरचं ॲप टाकून दोन-तीन पावसाळ्यांत तिचं बरंच बोलणं आणि गाणं साठवलं होतं. घरात रेंजच नाही म्हटल्यावर ते कुठं क्लाउडवर वगैरे जायचा प्रश्न नव्हता. जे होतं ते त्या एका फोनमध्ये.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर तात्या चिंतेत. ते ॲप उघडलं की लगेच आपोआप बंद व्हायचं. एका अपडेटनंतर हे सुरू झालं होतं. गॅलरीत काही नाही, म्युझिकमध्ये काही नाही. बाजारच्या दिवशी त्यांनी एका मोबाईल दुकानात दाखवलं, तिथून सल्ला घेऊन आले.

"आरं, त्यो म्हनला ॲप उडवायचं आन् परत टाकायचं. हुतं म्हनं चालू," तात्या म्हणाले आणि त्यांचं बोट त्या बटणावर गेलंसुद्धा.

"तात्या, थांबा! ॲप चालू होईल हो, पण आजीचा आवाज जाईल."

"आसं कसं जाईल? फोन तर हितंच हाय की."

तात्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि शंभरातल्या नव्वद जणांना हेच वाटतं. फोन इथंच आहे म्हणजे फाईलही इथंच राहणार. पण रेकॉर्डिंग गॅलरीत किंवा चावडीवरच्या कुठल्याच फोल्डरात दिसत नव्हतं, याचा अर्थ त्या ॲपने ते आपल्या पडवीत तरी ठेवलं असणार किंवा माजघरात. आणि नियम असा आहे की घर पाडलं की पडवी आणि माजघर त्याच्यासोबत जातं. चावडी तेवढी राहते.

माझ्याकडे लॅपटॉप होता. गोठ्यामागच्या दगडावर जाऊन आधी त्या ॲपची पाटी शोधून घेतली. मग केबल लावली, फोनवर "फाईल ट्रान्सफर" निवडलं आणि लॅपटॉपवरून अँड्रॉइड, मग डेटा, मग त्या पाटीच्या फोल्डरात गेलो. आत फाईल्स नावाचं फोल्डर, आणि त्यात ओळीने ४१ रेकॉर्डिंग! एकेक वाजवून पाहिलं. तिसऱ्याच फाईलला जात्याची घरघर आणि आजीचा आवाज आला. तात्या काही बोलले नाहीत, नुसते लॅपटॉपजवळ सरकून बसले.

सगळं लॅपटॉपवर कॉपी केलं, एक प्रत पेनड्राईव्हवर घेतली. त्यानंतरच ॲप काढून परत टाकलं. ते झकास चालू झालं आणि आत एकही रेकॉर्डिंग नव्हतं. पाटी कोरी. आधी उडवलं असतं तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

अशा आवाजांची किंमत किती असते याचं एक उदाहरण आपल्या पुणे जिल्ह्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून महाराष्ट्रभरच्या खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायचं काम केलं. तो संग्रह एक लाखाच्या वर ओव्यांचा आहे आणि २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर तो टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्यांनी वर्षानुवर्षं खेडोपाडी हिंडून जे जमवलं, त्यातला एक छोटासा तुकडा आज तुमच्या-आमच्या घरातल्या फोनमध्येही असू शकतो. फक्त तो कुठल्या खणात आहे ते माहीत हवं.

शोधायची रीत

आता पद्धतशीर पायऱ्या देतो. कात्रण काढून रूमच्या दारावर चिकटवायला हरकत नाही.

१) आधी ॲपच्या आतच बघा. शेअर, एक्स्पोर्ट किंवा "सेव्ह टू डाउनलोड्स" असं काही असेल तर तोच राजमार्ग. स्कॅनरची ॲप्स बहुधा पानं आपल्याच घरात ठेवतात, एक्स्पोर्ट केल्यावरच पीडीएफ चावडीवर येते.

२) फाईल ॲपमध्ये नावाने शोधा. नाव आठवत नसेल तर "अलीकडच्या" फाईली बघा.

३) तिथं नसेल तर अँड्रॉइड फोल्डरमधलं मीडिया बघा.

४) तरी नाही? मग कॉम्प्युटर आणि केबल. फोन अनलॉक ठेवा, नाहीतर कॉम्प्युटरवर फोल्डर रिकामंच दिसतं. केबल लावल्यावर येणाऱ्या नोटिफिकेशनमध्ये "फक्त चार्जिंग" ऐवजी "फाईल ट्रान्सफर" निवडा. तो पर्यायच येत नसेल तर केबल बदला. स्वस्तातल्या बऱ्याच केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी मल्टीमीटर लावून खात्री करावी). मग डेटा फोल्डरमध्ये पाटी शोधा. बऱ्याच फोनवर हा रस्ता आजही उघडा आहे, कंपनीप्रमाणे थोडाफार फरक पडतो.

५) सापडल्यावर "कट" करू नका, "कॉपी" करा. मधेच केबल हलली तर कट केलेलं ना इथलं ना तिथलं अशी गत होते. कॉपी झाल्यावर फाईल उघडून बघा, मगच पुढचं काय ते.

६) थोडं तांत्रिक जमत असेल तर एडीबी वापरता येतं. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथं यूएसबी डीबगिंग चालू करा. कॉम्प्युटरवरून एडीबीच्या पुल आज्ञेने पडवीतल्या फाईली ओढता येतात. काम झालं की डीबगिंग आठवणीने बंद करा. चालू ठेवून फोन हातोहाती फिरवणं म्हणजे दाराला किल्ली लावून बाहेरगावी जाणं.

७) आणि स्वतःच प्रोजेक्टसाठी ॲप लिहीत असाल तर? डीबग बिल्डच्या ॲपचं माजघरसुद्धा अँड्रॉइड स्टुडिओच्या डिव्हाइस एक्सप्लोररमधून दिसतं. डेटाबेस फाईल तिथून उतरवा, उघडा, तपासा. फायनल इयरच्या डेमोला "सर, डेटा सेव्ह होतोय, पण दिसत नाहीये" असं म्हणायची वेळ येणार नाही.

ती दोन बटणं

सेटिंगमध्ये ॲप्स, मग हवं ते ॲप, मग स्टोरेज. तिथं दोन बटणं असतात. एक "क्लिअर कॅश", दुसरं "क्लिअर डेटा" किंवा "क्लिअर स्टोरेज". दिसायला भाऊ-भाऊ, गुणाने जमीन-अस्मान.

कॅश म्हणजे पुन्हा मिळू शकणारं तात्पुरतं सामान. ते गेलं तरी ॲप परत तयार करून घेतं. जागा कमी पडली तर हे बटण बिनधास्त दाबा. क्लिअर डेटा म्हणजे मात्र माजघर आणि पडवी दोन्ही झाडून साफ! लॉगिन, सेटिंग, न पाठवलेली माहिती, ॲपने स्वतःजवळ ठेवलेल्या फाईली, सगळं जातं. एकदा विचारतं, पुन्हा विचारत नाही.

हे फक्त फोटो-गाण्यांपुरतं नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढायचा आणि सातबाऱ्यावर नोंद करायची. डोंगराकडच्या शेतात रेंज नसते, म्हणून माहिती आधी फोनमध्ये भरून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करायची सोय त्यात ठेवली होती. आता विचार करा, भरणं आणि अपलोड करणं यांच्या मधल्या काळात ती नोंद असते कुठं? फोनमध्येच, ॲपच्या स्वतःच्या घरात. अशा वेळी "ॲप हँग होतंय" म्हणून घरातल्या हुशार पोराने क्लिअर डेटा दाबलं की पुन्हा बांधावर चक्कर. सुट्टीत घरी गेलात की गावातले लोक तुम्हाला "इंजिनिअर" समजून फोन पुढे करतात. त्यांच्या फोनवर हे बटण दाबण्याआधी एकच प्रश्न विचारा, "यात अजून न पाठवलेलं काही आहे का?"

व्हॉट्सॲपचं घर

२०२१ च्या सुमारास व्हॉट्सॲपचं बिऱ्हाड चावडीवरून ओसरीवर हललं. आता रस्ता असा: अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, मीडिया. जुन्या फोनवर चावडीवरच व्हॉट्सॲप नावाचं फोल्डर सापडेल. नव्या ठिकाणी नाही मिळालं तर तिथंही बघा.

आत फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं वेगवेगळी ठेवलेली असतात आणि आपण पाठवलेल्यांसाठी "सेंट" नावाचं उपफोल्डर असतं. आवाजी निरोप व्हॉइस नोट्समध्ये असतात, आणि तिथं वर्ष व आठवडा मिळून एकेक फोल्डर असतं. म्हणजे २०२१ च्या ३२ व्या आठवड्याचे निरोप "२०२१३२" मध्ये. आईने पाठवलेला जुना निरोप हवा असेल आणि महिना आठवत असेल तर आठवडा मोजा आणि थेट तिथं जा.

शेजारी डेटाबेसेस नावाचं फोल्डर आहे. त्यात अलीकडच्या दिवसांचा चॅटचा बॅकअप असतो. पण ती फाईल कुलूपबंद असते, नुसती उघडून काही वाचता येत नाही. तेव्हा कोणाच्या तरी फोनमधून ती पळवून आपण गुप्तहेर होऊ असं वाटत असेल तर विसरा. आणि तसंही, दुसऱ्याच्या फोनचं माजघर उघडणं हे होस्टेलच्याच काय, कुठल्याच नियमात बसत नाही. हा लेख आपापल्या फोनसाठी आहे.

टिंबाची जादू

लिनक्समध्ये ज्या फाईलीचं नाव टिंबाने सुरू होतं ती लपलेली असते. फाईल ॲपच्या सेटिंगमध्ये "लपलेल्या फाईली दाखवा" चालू करा, काय काय निघतं ते बघा.

एक असते "नोमीडिया" नावाची रिकामी फाईल. ती ज्या फोल्डरात असेल तिथले फोटो गॅलरी दाखवत नाही. "फाईल मॅनेजरमध्ये फोटो आहे, गॅलरीत नाही" हे कोडं नव्वद टक्के इथं सुटतं. दुसरी कामाची गोष्ट, अँड्रॉइड ११ पासून अनेक ॲप्समध्ये डिलीट केलेला फोटो लगेच मरत नाही. त्याच्या नावापुढे टिंब आणि "ट्रॅश्ड" लागतं आणि तो साधारण ३० दिवस तसाच पडून राहतो. चुकून उडवलेल्या फोटोसाठी आधी गॅलरीची कचरापेटी बघा, मगच रडा.

रूट, रिसेट आणि चमत्कार करणारी ॲप्स

माजघरात जायचा एक मार्ग सगळ्यांनी ऐकलेला असतो, फोन रूट करणं. म्हणजे सगळ्या घरांच्या किल्ल्या हातात घेणं. पण त्यासाठी आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो आणि ते करताना फोन स्वतःच सगळा डेटा पुसून टाकतो. म्हणजे जी फाईल वाचवायला निघालात तीच पहिल्या पायरीला गेली! शिवाय रूट केलेल्या फोनवर बँकेची कित्येक ॲप्स चालायला नकार देतात. हरवलेल्या फाईलीवर हा इलाज नव्हे.

"फॅक्टरी रिसेटनंतरही डेटा परत मिळवा" अशी जाहिरात करणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहा. अँड्रॉइड १० किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन बाजारात आलेल्या फोनवर साठवण एन्क्रिप्ट केलेली असणं बंधनकारक आहे. रिसेट करताना त्याची किल्लीच नष्ट होते. किल्ली गेली की मागे उरतात त्या निरर्थक आकड्यांच्या राशी. दुकानात कोणी "रिसेट मारू का?" असं विचारलं तर आधी बॅकअप, मग उत्तर.

आयफोनवाल्यांनी काय करावं?

होस्टेलात ही जमात अल्पसंख्य, तरी सांगतो. आयफोनवर घरांची रचना अशीच, पण कुंपण जास्त उंच. २०१७ च्या आयओएस ११ मध्ये फाईल्स नावाचं ॲप आलं. त्यात "माझ्या आयफोनवर" या भागात, ज्या ॲप्सनी स्वतःहून परवानगी दिलीय त्यांचीच फोल्डरं दिसतात. बाकीच्यांसाठी ॲपमधला शेअरचा पर्याय किंवा कॉम्प्युटरवरचा बॅकअप एवढेच मार्ग.

शेवटी एवढंच

मंडळी, पूर्वी घरात ट्रंक असायची. तिच्यात फोटो, पत्रं, जमिनीचे कागद. ट्रंक कुठं आहे आणि किल्ली कोणाकडे आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं. आता ती ट्रंक फोनमध्ये गेली, आणि ती कुठं ठेवलीय हे घरातल्या कोणालाच माहीत नाही. आपण चार वर्षं इंजिनिअरिंग शिकतो. निदान आपल्या घरापुरती तरी ही ट्रंक शोधून देता यायला हवी.

या सुट्टीत घरी गेलात की अर्धा तास काढा. आई-वडिलांच्या, आजी-आजोबांच्या फोनला केबल लावा, त्यांच्यासमोर बसून, त्यांना विचारून. फोटो, आवाजी निरोप, रेकॉर्डिंग दोन ठिकाणी कॉपी करा, एक लॅपटॉपवर आणि एक पेनड्राईव्हवर. पेनड्राईव्हवर तारीख लिहा आणि तो रूममेटला देऊ नका (तो त्यात सिनेमे भरेल).

कुठं अडलात तर रात्री जेवणानंतर मेसच्या बाहेर भेटा. केबल मात्र आपली आपण आणा!